खाड्याचे पैसे आणि खेळाडूची किंमत : डॅली मेसेंजरची गोष्ट



पालकसभेत एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. मूल मैदानावर रमतंय, तालुक्याला, जिल्ह्याला खेळतंय, आणि आईवडील काळजीने विचारतात की हे सगळं ठीक आहे, पण खेळून पोट भरतं का? प्रश्न चुकीचा नाही. हातावर पोट असणाऱ्या घरात तर तो विचारावाच लागतो. आपण शिक्षक मात्र बऱ्याचदा क्रीडागुणांचा आधार घेऊन विषय बदलतो. आज मी तुम्हाला एका खेळाडूची गोष्ट सांगणार आहे. हाच प्रश्न एका रात्री त्याच्याही घरी येऊन उभा राहिला होता. तो ऑस्ट्रेलियाचा, आणि खेळही आपल्याकडे फारसा न खेळला जाणारा, रग्बी. गोष्ट मात्र आपल्या घरातली वाटेल.

त्याचं नाव हर्बर्ट हेन्‍री मेसेंजर. पण या नावाने त्याला कुणी ओळखत नाही. सगळे त्याला डॅली म्हणत.

आधी खेळ समजून घेऊ

वर्गात सांगताना मी हुतुतूपासून सुरुवात करते. चढाई करणाऱ्याला सगळ्यांनी मिळून धरायचं आणि त्याने कसंही करून रेषा गाठायची, ही कल्पना मुलांना पाठ असते. रग्बीत असंच काहीसं आहे, फक्त हातात लांबट, अंड्याच्या आकाराचा चेंडू असतो. चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवायचा. याला ट्राय म्हणतात. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, सहकाऱ्याला द्यायचा तर मागेच द्यावा लागतो. समोरचे तुम्हाला धरून पाडतात. शिवाय दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून चेंडू लाथेने मारला की गोलचे गुण मिळतात. मेसेंजरच्या काळात ट्रायला ३ आणि गोलला २ गुण होते.

खेळ धसमुसळा आहे. हाडं मोडतात. हे लक्षात ठेवा, कारण आपली गोष्ट एका मोडलेल्या हाडापाशीच वळण घेते.

भांडण होतं खाड्याचं

रग्बी इंग्लंडमधल्या मोठ्या घरच्या मुलांच्या शाळांमध्ये वाढली. तिथे एक तत्त्व पक्कं होतं, खेळासाठी पैसा घ्यायचा नाही. ऐकायला छान वाटतं. पण पुढे हा खेळ उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांत आणि खाणींत काम करणाऱ्यांपर्यंत पोचला. त्या काळी शनिवारीही काम असायचं आणि सामनेही शनिवारीच. वकिलाच्या किंवा जमीनदाराच्या मुलाला शनिवार मोकळा होता. कामगार मात्र सामन्याला गेला की त्याचा खाडा पडायचा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

उत्तरेकडच्या क्लबांची मागणी साधी होती. बक्षीस नको, मानधन नको, निदान बुडालेली मजुरी तरी भरून द्या. खेळाच्या मुख्य संघटनेने नकार दिला. मग २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि उत्तरेकडच्या २० हून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यांनी खाड्याचे दिवसाला ६ शिलिंग ठरवले. काही वर्षांत तिथे खेळाडूंना उघडपणे पैसे देणं सुरू झालं. नियमही बदलले, १५ ऐवजी १३ खेळाडू झाले. आज ज्याला रग्बी लीग म्हणतात तो खेळ असा जन्माला आला. जुना खेळ रग्बी युनियन म्हणून राहिला.

आपल्या गिरणगावात पाळी संपवून संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर उतरणाऱ्या कामगारांना हे भांडण समजावून सांगायची गरज पडली नसती.

होड्यांच्या शेडमधला मुलगा

डॅलीचा जन्म १२ एप्रिल १८८३ रोजी सिडनीतल्या बाल्मेन भागात झाला. आजोबा इंग्लंडमधले नामांकित वल्हेकरी, वडीलही शर्यतीत वल्ही मारणारे आणि होड्या बांधणारे. डबल बे इथे पाण्याच्या काठावर त्यांची शेड होती. तिथेच पोरगा वाढला. लाकूड, दोर, शिडं आणि समुद्राचं पाणी हीच त्याची खेळणी. लहानपणी त्याचं पोट जरा सुटलेलं होतं म्हणे, आणि त्या वेळचे एक पुढारी डॅली यांचंही तसंच. म्हणून घरच्यांनी गमतीने तेच नाव ठेवलं आणि ते जन्मभर चिकटलं.

पालकहो, इथे जरा थांबा. हा मुलगा लहानपणापासून रग्बीच रग्बी करत नव्हता. तो होडी चालवायचा, पोहायचा, क्रिकेट खेळायचा. मोठ्या क्लबच्या रग्बीत त्याचं नाव झालं तेव्हा तो विशी ओलांडून गेला होता. आपण आज सातव्या वर्षी मुलाला एका खेळाच्या अकॅडमीत घालतो आणि बाकीचं सगळं बंद करतो, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तोल, नजर आणि चपळाई त्याने दहा खेळांतून गोळा केली होती.

उंचीने तो काही ताडमाड नव्हता, साडेपाच फुटांच्या जरा वर. पण समोरच्याला काय सुचणार हे त्याला आधीच कळायचं. धरायला आलेल्यांना हुलकावणी देऊन निसटायचं, वेळप्रसंगी थेट हवेत झेपावायचं, आणि लांबून, कोपऱ्यातून, कुणाला शक्य वाटणार नाही अशा जागेवरून गोल मारायचा, यासाठी तो प्रसिद्ध झाला. १९०६ मध्ये तो न्यू साउथ वेल्स राज्याकडून खेळला. १९०७ च्या जुलैमध्ये न्यूझीलंडचा संघ सिडनीला आला तेव्हा सामना पाहायला ५० हजारांहून जास्त माणसं लोटली. मेसेंजरला पाहायला मिळणार, हे त्या गर्दीचं एक मोठं कारण होतं.

आता हिशेब करा. पन्नास हजार तिकिटांचा गल्ला संघटनेच्या तिजोरीत. आणि खेळाडूला? परदेश दौऱ्यावर असेल तर रोजच्या खर्चाला ३ शिलिंग मिळायचे. मुलांना हे सांगितलं की ती लगेच बोटं मोडून हिशेब करायला लागतात आणि चिडतात. चिडू द्या, हिशेब चांगला आहे.

मोडलेलं हाड

त्याच वर्षी अ‍ॅलेक बर्डन नावाच्या सिडनीच्या खेळाडूला खेळताना मोठी दुखापत झाली. कामावर जाता येईना. डॉक्टरचा खर्च अंगावर, मजुरी बंद, आणि ज्या संघटनेसाठी तो खेळत होता तिने हात वर केले. मैदानावर हा माणूस हजारोंना खेळवत होता, आणि घरी चूल पेटवायची पंचाईत झाली.

या बातमीने खेळाडूंमध्ये खदखद सुरू झाली. त्यांच्या गाठीभेटी होत त्या एका खेळसाहित्याच्या दुकानात. दुकान होतं व्हिक्टर ट्रम्पर यांचं. क्रिकेटवेड्या घरांत हे नाव माहीत असेल. १९०२ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत पहिल्या दिवशी उपाहाराच्या आधीच शतक ठोकणारा तो हाच ट्रम्पर. त्याच्या जोडीला होता जेम्स गिल्टिनन हा उद्योगी माणूस. ८ ऑगस्ट १९०७ रोजी सिडनीतल्या बेटमन्स हॉटेलात बैठक झाली आणि न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली.

तिकडे न्यूझीलंडमध्ये अल्बर्ट बास्करविल नावाचा टपाल खात्यातला तरुण कारकूनही असाच विचार करत होता. त्याने एक संघ जमवला आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांशी खेळायला निघाला. खर्च खेळाडूंनीच उचलायचा आणि नफाही त्यांनीच वाटून घ्यायचा, अशी रीत. जुन्या मताच्या लोकांनी त्यांची टर उडवली. न्यूझीलंडचा संघ ऑल ब्लॅक्स म्हणून ओळखला जायचा, म्हणून यांना ऑल गोल्ड्स म्हटलं, म्हणजे सोन्यामागे पळणारे. जाता जाता हा संघ सिडनीत थांबणार होता, आणि नव्या लीगला त्याच्याशी तीन सामने खेळायचे होते. पण गर्दी जमायची तर एकच नाव हवं होतं.

आईचा होकार

असं सांगितलं जातं की गिल्टिनन आणि ट्रम्पर थेट मेसेंजरच्या घरी गेले. पैशाची बोलणी झाली. डॅली तेव्हा २४ वर्षांचा होता, पण निर्णय त्याने आईवर सोपवला आणि आईने होकार दिला.

हा होकार केवढा मोठा होता हे नीट समजून घ्या. जुन्या संघटनेचा नियम स्पष्ट होता, पैसे घेऊन खेळलात तर दारं कायमची बंद. राज्याकडून खेळणं बंद, देशाकडून खेळणं बंद. समोरची नवी लीग तर अजून पाळण्यातच होती. तिच्याकडे मैदान नव्हतं, इतिहास नव्हता, उद्या टिकेल याची खात्री नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर पक्की नोकरी सोडून काल उघडलेल्या दुकानात भागीदारी घेण्यासारखं होतं. आणि इथे तर सोडायची होती ती नोकरीसुद्धा नव्हती, ती होती प्रतिष्ठा.

१७ ऑगस्ट १९०७ रोजी पहिला सामना झाला. गंमत म्हणजे नव्या खेळाच्या नियमांचं पुस्तकच सिडनीत कुणाकडे नव्हतं, त्यामुळे तो जुन्याच नियमांनी खेळला गेला! न्यूझीलंडचे पाहुणे १२-८ ने जिंकले. पण प्रेक्षक मोठ्या संख्येने आले, मेसेंजरसाठी आले, आणि नव्या लीगच्या हातात पहिले पैसे पडले. जुन्या संघटनेने ठरल्याप्रमाणे त्याला बाहेर काढलं. एवढंच नव्हे, तिच्या नोंदींमधून त्याची कामगिरीही वगळली गेली. काल ज्याला पाहायला पन्नास हजार लोक आले होते, तो कागदावर खेळलाच नव्हता!

जहाजांवरची वर्षं

पाहुण्या संघाला त्याचा खेळ इतका आवडला की त्यांनी त्यालाच सोबत घेतलं. संपूर्ण संघ न्यूझीलंडचा आणि त्यात हा एकटा ऑस्ट्रेलियन. त्याला तो १३ जणांचा खेळही नवाच होता. थंडी, चिखल, धुकं आणि अनोळखी नियम असं सगळं असताना १९०७-०८ च्या त्या दौऱ्यात सगळ्यांत जास्त गुण त्यानेच मिळवले, तब्बल १४६. हा संघ ब्रिटनमधली कसोटी मालिकाही जिंकला.

परतीच्या वाटेवर मात्र वाईट घडलं. दौऱ्याचा कर्ता बास्करविल न्यूमोनियाने आजारी पडला आणि मे १९०८ मध्ये ब्रिस्बेन इथे वारला. वय अवघं २५. पुढच्याच महिन्यात वेलिंग्टनमध्ये त्याच्या आईच्या मदतीसाठी सामना खेळवण्यात आला. न्यूझीलंडच्या भूमीवरचा रग्बी लीगचा तो पहिला सामना. ज्याने खेळाडूंच्या हक्काचा विचार केला, त्याच्या घरच्यांसाठी खेळाडूच मैदानात उतरले.

इकडे १९०८ मध्ये सिडनीत ९ क्लबांची स्पर्धा सुरू झाली. मेसेंजर ईस्टर्न सबर्ब्स क्लबचा. आज सिडनी रूस्टर्स म्हणून जो क्लब ओळखला जातो, तो हाच. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा पहिला कांगारू संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला आणि मेसेंजर पुन्हा जहाजावर चढला. १२ डिसेंबर १९०८ रोजी लंडनमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धची पहिली कसोटी झाली. ऑस्ट्रेलियाचं नेतृत्व त्याच्याकडे होतं आणि सामना २२-२२ असा बरोबरीत सुटला.

खेळ चांगला झाला, हिशेब मात्र कोसळला. लँकेशायरच्या कापड गिरण्या त्या हंगामात मालक-कामगार वादामुळे बंद होत्या. कामगारच प्रेक्षक, त्यांच्याकडेच पैसे नाहीत, त्यात हवामान खराब. दौरा तोट्यात गेला. परतीच्या प्रवासासाठी इंग्लंडच्या संघटनेने मदत केली आणि गिल्टिननचं दिवाळं निघालं. ज्याने सगळ्यांच्या पोटाची चिंता केली तोच रस्त्यावर आला. आज सिडनीच्या मोठ्या स्पर्धेत साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाला त्याच्या नावाची ढाल देतात, पण त्या दिवशी त्याच्या हातात काहीच नव्हतं. मुलांना सांगताना हा भाग गाळू नका. नवी वाट काढणाऱ्यांना फळ मिळतंच असं नाही, हेही त्यांना कळू द्या.

लीग वाचली ती १९०९ मध्ये. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बीचं सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले कित्येक खेळाडू पैसे घेऊन लीगकडे आले आणि त्यांचे कांगारूंशी सामने लागले. त्यानंतर सिडनीत रग्बी लीगने जी पकड घेतली ती आजपर्यंत सुटलेली नाही.

शिखर आणि उतार

१९११ हे वर्ष मेसेंजरचं. सगळ्या सामन्यांचे मिळून त्या हंगामात त्याने २७० गुण केले. हा विक्रम मोडायला १९३५ साल उजाडावं लागलं, आणि तो मोडणारा डेव्ह ब्राउनही त्याच्याच क्लबचा. १९११, १९१२ आणि १९१३ अशी सलग तीन वर्षं ईस्टर्न सबर्ब्सने विजेतेपद पटकावलं. तीनदा जिंकल्यामुळे स्पर्धेची ढाल कायमची क्लबकडे आली आणि क्लबने ती आपल्या कप्तानाला, मेसेंजरला देऊन टाकली. १९११ मध्ये त्याचं लग्न झालं. त्या वर्षीच्या दुसऱ्या इंग्लंड दौऱ्यावर तो गेला नाही. १९१३ नंतर, तिशी गाठल्यावर, त्याने खेळ थांबवला.

इथे टाळ्या वाजवून गोष्ट संपवता आली असती. पण पालकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथून पुढे आहे.

खेळ थांबला तेव्हा त्याच्यापुढे ४६ वर्षांचं आयुष्य होतं. त्याने हॉटेल चालवून पाहिलं. क्वीन्सलंडमध्ये केळीची बाग करून पाहिली. जमलं नाही. शेवटी सिडनीचा हा लाडका खेळाडू सरकारी बांधकाम खात्यात सुतारकाम करू लागला. बापाच्या शेडमध्ये लहानपणी लाकडाशी जी ओळख झाली, ती त्याच्या कामी आली असणार असं मला आपलं वाटतं. २४ नोव्हेंबर १९५९ रोजी तो वारला.

मान नंतर आला. १९८० पासून ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा पुरस्कार त्याच्या नावाने आहे, त्याला डॅली एम म्हणतात. आणि ज्या संघटनेने त्याचं नाव वगळलं होतं तिच्या नोंदींत ते १०० वर्षांनी, २००७ मध्ये, परत घेण्यात आलं. त्याआधी, १९९५ मध्ये, रग्बी युनियननेही खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली होती. हडर्सफील्डच्या बैठकीला तेव्हा बरोबर १०० वर्षं झाली होती. म्हणजे खाड्याचे पैसे मागणारे कामगार चुकले नव्हते. फक्त ते मान्य व्हायला एक शतक गेलं.

मग पोट भरतं का?

माझं उत्तर असं आहे. खेळून पोट भरू शकतं, पण थोड्यांचं आणि थोडी वर्षं. म्हणून मुलाला खेळू द्या, मनापासून खेळू द्या, आणि त्याच्या हातात दुसरं एक कामही असू द्या. ते काम म्हणजे खेळात हरल्याची तजवीज असं मुळीच समजू नका. देशाचा सर्वोत्तम खेळाडूसुद्धा तिशीत मैदानाबाहेर येतो. त्यापुढचं आयुष्य त्याच हातांनी चालवायचं असतं.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. कुणाच्या कष्टावर गर्दी जमत असेल, तर गल्ल्यातला वाटा त्याने मागणं हा लोभ नव्हे. शाळेच्या संघातल्या मुलाला दुखापत झाली तर औषधाचा खर्च कोण करणार, त्याचा बुडालेला अभ्यास कोण भरून काढणार, हे आपण स्पर्धेला नेण्याआधी ठरवतो का? बर्डनचं हाड मोडलं तेव्हा हा प्रश्न कुणी आधी विचारला नव्हता.

आठवी-नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगून मी तीन प्रश्न फळ्यावर लिहिते. तुम्हीही लिहून पाहा. खेळासाठी पैसा घेऊ नये हा नियम कुणाला सोपा होता आणि कुणाला कठीण, का? तुम्ही डॅलीची आई असता तर त्या रात्री काय ठरवलं असतं? आणि गिल्टिनन यशस्वी झाला असं म्हणाल की अयशस्वी? उत्तरं तपासू नका, ऐका. तिसऱ्या प्रश्नावर वर्गाचे हमखास दोन तट पडतात. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं भांडत बाहेर पडतात, आणि मला त्या दिवशी तास कारणी लागल्यासारखा वाटतो.